आकाशातला ताळेबंद

अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात नेलिस नावाचा हवाई तळ आहे. १९५०च्या दशकात तिथल्या लढाऊ वैमानिकांच्या शाळेत एक पैज नेहमीची झाली होती. जॉन बॉइड नावाचा शिक्षक आकाशात मुद्दाम वाईट जागा घेई, म्हणजे समोरच्या वैमानिकाला आपल्या विमानाच्या शेपटीमागे येऊ देई. तिथून चाळीस सेकंदांच्या आत चित्र उलटे करून बॉइड त्याच्या शेपटीमागे गेला नाही, तर बॉइडने चाळीस डॉलर मोजायचे. पैज घ्यायला वायुदलातले, नौदलातले, मरीन दलातले नावाजलेले वैमानिक येत. बॉइडने ते चाळीस डॉलर कधीच मोजले नाहीत, असे सांगतात.

त्याची युक्ती पाहायला साधी होती. मागचे विमान पुरेसे जवळ आले की तो एफ-१०० विमानाची स्टिक एकदम पूर्ण मागे खेची. विमानाचे नाक वर उठे, अख्खे पोट वाऱ्याला आडवे होई आणि वेग क्षणात कोसळे. महामार्गावर मागे चिकटलेल्या गाडीसमोर पुढच्याने करकचून ब्रेक मारावा, तसा हा प्रकार. मागच्या वैमानिकाला काही कळायच्या आत त्याचे विमान पुढे निघून जाई आणि बॉइड आपोआप त्याच्या मागे.

गंमत अशी, की वेग उधळून पैजा जिंकणाऱ्या याच माणसाने पुढे गणिताने दाखवून दिले की आकाशातल्या लढाईत वेग आणि उंची उधळण्याइतकी महाग चूक दुसरी नाही. आज रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून ऑनलाइन विमानयुद्धाचे सिम्युलेटर खेळणारी मुले ‘एनर्जी’ राखायची की खर्चायची यावर हुज्जत घालतात, तेव्हा ती बॉइडच्याच हिशेबाची भाषा बोलत असतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

बॉइडचा जन्म २३ जानेवारी १९२७ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या ईरी या गावी झाला. हे गाव त्याच नावाच्या अवाढव्य सरोवराच्या काठावर वसलेले. बॉइड तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याचे वडील न्यूमोनियाने गेले. पेनिसिलिन औषध म्हणून हाती यायला अजून दहा-बारा वर्षे होती. त्या काळी धडधाकट माणूसही न्यूमोनियाने आठवड्याभरात जाई. मागे पाच मुले आणि आई. जागतिक मंदीचे दिवस. आईने मिळेल ते काम करून घर चालवले. मुलगा सरोवरात पोहायला शिकला, इतका तरबेज झाला की उन्हाळ्यात किनाऱ्यावर जीवरक्षकाचे काम करू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तो सैन्यात दाखल झाला, युद्ध संपल्यावर काही काळ जपानमध्ये होता, परत येऊन आयोवा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला आणि १९५१च्या सुमारास वायुदलात गेला.

कोरियाच्या युद्धात तो पोहोचला तेव्हा युद्ध संपत आले होते. त्याने एफ-८६ सेबर विमानातून २२ मोहिमा केल्या, त्याही ‘विंगमन’ म्हणून. पुढच्या विमानाची पाठ राखायची, हे विंगमनचे काम. शत्रूचे एकही विमान त्याच्या नावावर नाही. पण तिथून परतताना त्याच्या डोक्यात एक कोडे होते, आणि ते पुढची वीस वर्षे त्याने सोडले नाही.

कोडे असे. सोव्हिएत बनावटीचे मिग-१५ हे सेबरपेक्षा जास्त उंच जाई आणि वरही झपाट्याने चढे. कागदावर मिग सरस. तरीही अमेरिकन वायुदलाच्या त्या वेळच्या दाव्यानुसार एका सेबरमागे दहा मिग पडत होते. पुढच्या संशोधकांनी हा आकडा बराच खाली आणला आहे, पण सेबरचे पारडे जड होते हे खरेच. वैमानिकांचे प्रशिक्षण हे एक उत्तर होते. बॉइडला ते अपुरे वाटे. सेबरचा काचेचा घुमट मोठा, त्यामुळे वैमानिकाला चहूबाजूंचे दिसे. त्याची सुकाणू-यंत्रणा हायड्रॉलिक, त्यामुळे एका हालचालीतून दुसऱ्या हालचालीत जायला हाताला जोर लागत नसे. मिगच्या वैमानिकाला प्रत्येक वेळी स्टिकशी कुस्ती खेळावी लागे. एका वळणात नाही, पण चौथ्या-पाचव्या हालचालीत सेबर अर्धा क्षण पुढे असे. विमान किती वेगाने उडते यापेक्षा ते आपली अवस्था किती चटकन बदलू शकते, हे मोजता येईल का?

नेलिसला तो आधी शिकला आणि मग तिथेच शिकवू लागला. तोवर हवाई द्वंद्व ही कला मानली जाई. ज्याला जमते त्याला जमते, बाकीच्यांनी नशिबावर सोडायचे. बॉइडने प्रत्येक डावाचा आणि त्यावरच्या प्रत्येक प्रतिडावाचा भूमितीसारखा विचार केला आणि १९६० साली त्याची एक पुस्तिका तयार केली. जगभरच्या वायुदलांनी ती कोणत्या ना कोणत्या रूपात उचलली. पण डाव सांगता येत होते, ते का चालतात हे सांगता येत नव्हते. त्यासाठी लागणारे गणित आपल्याकडे नाही हे ओळखून हा तिशी ओलांडलेला कॅप्टन अटलांटाच्या जॉर्जिया टेक संस्थेत पुन्हा विद्यार्थी झाला.

उत्तर सापडले ते उष्मागतिकीच्या परीक्षेची तयारी करताना. ऊर्जा नष्ट होत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, आणि प्रत्येक देवघेवीत काही भाग वाया जातो. दुसऱ्या विद्यार्थ्याला हे समजावताना बॉइडला आपलेच विमान दिसू लागले.

शाळेत शिकवतात ती स्थितिज ऊर्जा म्हणजे उंचीमुळे असलेली, आणि गतिज ऊर्जा म्हणजे वेगामुळे असलेली. विमानाकडे या दोन खिशांत मिळून एकच पुंजी असते. सूर मारला की उंचीच्या खिशातून वेगाच्या खिशात पैसे जातात, वर झेपावले की उलट. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाचा वेग म्हणजे आणखी सुमारे ३.२ किलोमीटर उंचीची शिल्लक. वेग निम्मा केला, ताशी ४५० वर आणला, तर ही शिल्लक निम्मी राहत नाही, पाव होते. उरतात जेमतेम ८०० मीटर. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बॉइडच्या पैजेतला तो करकचून मारलेला ब्रेक किती महाग पडत असेल, याचा यावरून अंदाज येईल. तेवढ्यात समोरचे विमान टिपता आले तर ठीक, नाही तर वेग गमावलेले विमान आकाशात लटकलेले आणि दुसरा कोणी शत्रू वरून येत असलेला.

वळणही फुकट नसते. सरळ उडताना पंखांना विमानाचे वजन पेलण्याइतकीच उचल द्यावी लागते. पाच ‘जी’च्या वळणात पाचपट उचल लागते, आणि उचल निर्माण करताना पंखांना जो हवेचा विरोध होतो तो त्याच वेगाला पाचपट नव्हे, पंचवीसपट वाढतो. इंजिनाचा रेटा जास्तीत जास्त ठेवला तरी हा खर्च भरून निघत नाही. म्हणून बॉइडने एक संख्या काढली. इंजिनाच्या रेट्यातून हवेचा विरोध वजा करायचा, त्याला वेगाने गुणायचे आणि विमानाच्या वजनाने भागायचे. उत्तर धन आले तर त्या क्षणी विमान पुंजी वाढवते आहे. ऋण आले तर पुंजी मोडून खाते आहे. शून्य आले तर आमदनी आणि खर्च बरोबर. कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला, किती कडक वळणात हे उत्तर काय येते याचे नकाशे काढले, की विमान कुठे बलवान आणि कुठे दुबळे ते एका नजरेत कळते.

उंची आणि वेग यांची बेरीज करण्याची कल्पना बॉइडची एकट्याची नव्हती, हे सांगायला हवे. विमानाने कमीत कमी वेळात वर कसे चढावे, यासाठी रुटोव्स्की या अभियंत्याने १९५४ सालीच ती मांडली होती. उंचावरून आणि सूर्य पाठीशी घेऊन हल्ला करावा, हे तर जर्मन वैमानिक बोल्के पहिल्या महायुद्धात शिष्यांना शिकवत होता. बॉइडचे काम दोन विमाने समोरासमोर ठेवून त्यांच्या पुंजीची तुलना करण्याचे, आणि ते वैमानिकाच्या हातात देण्याचे.

या तुलनेसाठी हजारो आकडेमोडी लागणार होत्या. १९६२ नंतर बॉइडची नेमणूक फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर झाली. तिथे त्याला टॉम क्रिस्टी हा गणिती भेटला, आणि क्रिस्टीकडे संगणक होता. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र आणि त्याच्या वेळेचा मिनिटामिनिटाला हिशेब. लढाऊ विमानांच्या तुलनेचे काम कोणीही मंजूर केलेले नव्हते. मग ते दुसऱ्या कामांच्या नावाखाली चालवले गेले. सरकारी वेळ चोरल्याबद्दल चौकशी बसली, पण तोवर हाती आलेले निष्कर्ष इतके महत्त्वाचे होते की कारवाई झाली नाही.

निष्कर्ष वायुदलाला आवडण्यासारखे नव्हते. जिथे अमेरिकन विमान सरस तो भाग निळा, जिथे सोव्हिएत विमान सरस तो लाल, असे नकाशे रंगवले होते, आणि कित्येक नकाशांत लाल फार होते. ही १९६४ची गोष्ट. पुढच्याच वर्षी व्हिएतनामच्या आकाशात त्याचा पडताळा येऊ लागला. अमेरिकेचे फँटम विमान जड, प्रचंड ताकदीचे, सुरुवातीच्या प्रकारांत तर मशिनगनही नसलेले. समोर हलकी, चटकन वळणारी मिग-१७ आणि मिग-२१. याच मिग-२१ची बांधणी पुढे नाशिकजवळच्या ओझरला होऊ लागली. कोरियात दहास एक सांगितले जाणारे प्रमाण व्हिएतनाममध्ये दोनास एकच्या आसपास आले. प्रत्येक आकड्यामागे एक वैमानिक होता, मेलेला किंवा हनोईच्या तुरुंगात गेलेला. मिगशी वळणांची स्पर्धा करू नका, फँटमच्या इंजिनाची ताकद वर झेपावण्यासाठी वापरा, वेग ठेवा, हा बॉइडच्या नकाशांतून निघणारा सल्ला मग जीव वाचवणारा ठरू लागला.

पुंजीचा आणखी एक हिशेब विमानात नसतो, वैमानिकाच्या शरीरात असतो. कडक वळणात रक्त पायांकडे ओढले जाते. मेंदू हृदयाच्या वर, त्यामुळे त्याचा पुरवठा सर्वांत आधी तुटतो. पण त्याहीआधी डोळ्यांचा पडदा तक्रार करतो. रंग फिके होतात, नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी आक्रसते, मग काळोख. सवय नसलेला, सैल बसलेला माणूस चार-पाच ‘जी’ला या काळोखापर्यंत पोहोचतो. मेंदूत साठलेला प्राणवायू जेमतेम पाचेक सेकंद पुरतो. तो संपला की शुद्ध जाते, आणि शुद्धीवर आल्यावरही काही सेकंद आपण कुठे आहोत हे कळत नाही. पाय आणि पोट आवळणारा ‘जी-सूट’, मांड्या-पोटाचे स्नायू घट्ट आवळून दर तीन सेकंदांनी छोटा श्वास घेण्याची कवायत, हे त्यावरचे उपाय. वैमानिक पंधरा मिनिटांच्या सरावातून उतरतो तेव्हा घामाने निथळत असतो, याचे कारण हे.

१९६६ साली बॉइड पेंटागॉनमध्ये आला. तिथे ‘एफ-एक्स’ या नव्या विमानाचा आराखडा सुरू होता. मागे-पुढे सरकणारे पंख, साठ हजार पौंडांच्या, म्हणजे २७ टनांच्या वर वजन. बॉइडने आपले नकाशे पुढे करून ते वजन उतरवायला लावले. त्यातून १९७२ साली उडालेले एफ-१५ जन्मले. तरी त्याच्या मते ते जडच होते. मग पिअर स्प्रे, कर्नल रिक्किओनी यांच्यासारख्या सोबत्यांना घेऊन त्याने आणखी हलक्या, स्वस्त विमानासाठी खटपट चालवली. वरिष्ठांना ही मंडळी डोईजड वाटत. ‘फायटर माफिया’ हे नाव त्यांनी स्वतःच घेतले. फेब्रुवारी १९७४ मध्ये वायएफ-१६ अधिकृतपणे आकाशात गेले आणि पुढच्या जानेवारीत निवडले गेले.

आज एफ-१६ म्हणून ओळखले जाणारे हे विमान वैमानिकाभोवती शिवलेल्या कपड्यासारखे आहे. अखंड काचेचा घुमट, विजेच्या तारांमधून आज्ञा घेणारी सुकाणू-यंत्रणा, आणि नऊ ‘जी’ सोसता यावेत म्हणून तीस अंश मागे रेललेले आसन. कोरियातल्या कोड्याची उत्तरे त्यात एकेक करून दिसतात. विमानाचे शिल्पकार मात्र जनरल डायनॅमिक्स कंपनीचे अभियंते, विशेषतः हॅरी हिलेकर. बॉइडच्या भक्तमंडळींनी पुढे त्याच्या पदरात जरा जास्तच श्रेय टाकले. शिवाय त्याच्या गटाला त्या विमानात जड रडार नको होते. वायुदलाने ते बसवले, वजन वाढले, बॉइड हळहळला. आणि त्याच रडारमुळे एफ-१६ कैक देशांत, कैक कामांना उपयोगी पडले. आजवर साडेचार हजारांहून जास्त एफ-१६ बांधली गेली आहेत. हलकेपणाचा हट्ट इथे चुकला होता.

ऑनलाइन विमानयुद्धाचे खेळ १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘एअर वॉरियर’पासून सुरू झाले. ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक’, ‘डीसीएस’, ‘वॉर थंडर’ हे त्यांचे पुढचे वारस. खेळ सोपे वाटतात. नवा खेळाडू शत्रू दिसताच स्टिक ओढतो आणि त्याच्या मागे वळू लागतो. पहिल्या फेऱ्यात बरोबरी, दुसऱ्यात किंचित सरशी, तिसऱ्यात विमान खाली आलेले, मंदावलेले, पंख थरथरणारे. मग कुठून तरी तिसराच कोणी उंचावरून येतो आणि खेळ संपतो. आपल्याला कोणी मारले हेही कळत नाही. मुळात मृत्यू त्या शेवटच्या गोळीने झालेला नसतो. तीन फेऱ्यांत पुंजी संपली, तेव्हाच तो ठरलेला असतो.

मुरलेला खेळाडू लढाईकडे जाण्याआधी उंची मिळवतो. त्यात पाच-दहा मिनिटे कंटाळवाणी जातात आणि नवशिक्यांना तेवढा धीर नसतो. वरून सूर मारून एक हल्ला, लागला तर लागला, नाही तर त्याच वेगाच्या जोरावर पुन्हा वर. वळणात मागे पडणारे जर्मन फॉके-वुल्फ १९० याच रीतीने स्पिटफायरला जेरीस आणते. स्पिटफायरच्या मागे गरगरत राहिले, तर दोन मिनिटांत जमिनीवर. पुंजी अमुक पातळीखाली गेली की लढाई अर्धवट टाकून निघून जायचे, हे शिकायला बहुतेकांना शेकडो मृत्यू लागतात. खेळात तेवढे मृत्यू परवडतात. अनेक सिम्युलेटरमध्ये कडक वळणात पडदाही काळा होतो. फक्त खुर्चीतल्या माणसाच्या मेंदूचे रक्त जागच्या जागी असते, म्हणून तो पुन्हा पुन्हा ओढतो. खऱ्या वैमानिकाला हा मोह शरीरच आवरायला लावते.

बॉइड १९७५ साली कर्नल म्हणून निवृत्त झाला. जनरलपद मिळाले नाही. तोंडाने फटकळ, वरिष्ठांच्या अंगावर धावून जाणारा, रात्री-अपरात्री मित्रांना फोन करून तासन्‌तास बोलणारा माणूस होता तो. निवृत्तीनंतर पेंटागॉनसाठी सल्लागार म्हणून फुकट काम करायची त्याची तयारी होती. नियमात बसेना, म्हणून त्याने दर पंधरवड्याला एका दिवसाचा पगार घेतला. विमानांतून तो युद्धाच्या इतिहासाकडे वळला. निरीक्षण, आकलन, निर्णय, कृती हे चक्र जो प्रतिस्पर्ध्यापेक्षा लवकर फिरवतो तो जिंकतो, ही त्याची मांडणी ‘ऊडा लूप’ म्हणून आज उद्योगांपासून आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षणापर्यंत पोहोचली आहे. त्यातही सेबरचा तो अर्धा क्षण आहे. ती त्याने पुस्तकात लिहिली नाही. पाच-सहा तास चालणारी व्याख्याने देत राहिला.

या सगळ्याची किंमत घरच्यांनी मोजली. बायको, पाच मुले आणि व्हर्जिनियातले साधे भाड्याचे घर. एका मुलाला लहानपणीच पोलिओ झाला होता आणि तो चाकाच्या खुर्चीत वाढला. साल्क यांची लस अमेरिकेत १९५५ साली आली, या कुटुंबाला मात्र तिचा उपयोग झाला नाही. बाप घरी असला तरी बहुधा पुस्तकांत नाही तर फोनवर असे. शत्रूच्या विमानाची पुंजी दशांशापर्यंत मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या वेळेचा हिशेब कधी मांडला नाही.

९ मार्च १९९७ रोजी फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच इथे कर्करोगाने बॉइडचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याचा अंत्यविधी झाला, तेव्हा ज्या वायुदलात त्याची सारी नोकरी गेली त्याचे फारच थोडे लोक आले होते. मरीन दलाचे बरेच आले. त्यांना त्याची युद्धविषयक व्याख्याने आपली वाटत होती. त्यांच्यापैकी एकाने आपल्या दलाचे बोधचिन्ह काढून तिथे ठेवले. त्याचे कागदपत्रही मरीन दलाच्याच क्वांटिकोच्या संग्रहात आहेत. पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, ‘फाल्कन ४.०’ हा एफ-१६चा सिम्युलेटर बाजारात आला. हौशी मंडळी त्यात वर्षानुवर्षे सुधारणा करत राहिली, आणि त्यातले विमान आजही रोज कुठे ना कुठे, तिसऱ्या फेऱ्यात वेग संपून पडते आहे.